ध्येय कसे ठरवावे? न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र आणि आपली मुले

जून महिन्यात शाळा उघडली की निबंधाच्या वहीत एक विषय हमखास येतो : मी कोण होणार? वर्गातील निम्मी मुले डॉक्टर होतात, काही इंजिनिअर होतात, एखादा वैमानिक होतो. निबंध तपासून होतात, गुण मिळतात, वही दप्तरात जाते आणि वर्षभर त्या डॉक्टरची व त्या वैमानिकाची पुन्हा कोणी चौकशी करीत नाही. मार्च महिना उजाडतो तेव्हा तोच भावी डॉक्टर विज्ञानाच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडून बसलेला असतो. आई म्हणते, पोराचे नशीब. वडील म्हणतात, पोराचे लक्ष नाही. खरे पाहता त्या मुलाजवळ इच्छा होती, पण ध्येय नव्हते. इच्छा आणि ध्येय यांत फरक आहे, आणि तो फरक मुलांना शिकवावा लागतो. तो आपोआप कळत नाही.

हा फरक केवळ उपदेशाने समजावून सांगणे कठीण आहे. एखाद्या माणसाच्या आयुष्यात तो दिसला की लवकर पटतो. म्हणून या लेखात मी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवीत आहे. मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश आणि अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक अशी त्यांची ओळख सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत दिलेली असते. त्या एका ओळीमागे चाळीस वर्षांची पायरी पायरीने केलेली चढण आहे. आपल्याला पाहायची आहे ती ही चढण.

घर आणि वडील

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतचे. वडील तय्यब अली हे व्यापारी होते. त्या काळी इंग्रजी शिक्षणाविषयी आपल्या समाजात फार मोठी अढी होती. इंग्रजी शिकला तो दीन विसरला, अशी समजूत घरोघरी होती. पेढीवर बसायला हिशेब पुरे, नमाजापुरते अरबी पुरे, मग इंग्रजीची उठाठेव कशासाठी, असा साधा सरळ विचार होता. अशा दिवसांत तय्यब अलींनी आपल्या मुलांना युरोपात शिकायला पाठवण्याचे ठरवले. थोरले कमरुद्दीन इंग्लंडला गेले आणि १८५८ मध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मुलाने काय व्हावे हे वडिलांनी मनात धरणे यात वावगे काही नाही. बहुतेक घरांत ध्येयाचे बी आईवडीलच पेरतात. प्रश्न पुढचा असतो : ते बी मुलाच्या मातीत रुजते का? तय्यब अलींनी मुलांना आधी घरची भाषा आणि संस्कार दिले. बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू व फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकू लागले. पाया आणि मजला दोन्ही बांधले गेले. थोरला भाऊ विलायतेहून कायदा शिकून आलेला डोळ्यांसमोर होता. मुलाला ध्येय शिकवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. जे व्हायचे ते झालेला एक माणूस त्याला जवळून पाहता यावा, त्याला प्रश्न विचारता यावेत, त्याच्या अडचणी ऐकता याव्यात. आपल्या मोहल्ल्यातील नर्स, तलाठी, वकील, इलेक्ट्रिशियन, प्राध्यापक यांना वर्षातून एकदा शाळेत बोलावून मुलांशी बोलते करता येईल. त्याला खर्च काहीच नाही.

सोळाव्या वर्षी विलायतेला

१८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, बद्रुद्दीन इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता, तो १८६९ मध्ये खुला झाला. मुंबईहून आगबोटीने सुएझपर्यंत जायचे, तेथून मिसरच्या वाळवंटातून आगगाडीने अलेक्झांड्रिया गाठायचे आणि तेथे दुसऱ्या बोटीत बसायचे, असा तो प्रवास. एवढ्या दूर निघालेल्या मुलाला ध्येय कोणते, हे विचारण्याची गरज नव्हती. ते एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते : बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिली करायची.

विद्यार्थ्यांनो, येथे क्षणभर थांबा. मोठा माणूस होईन, खूप शिकेन, घराण्याचे नाव काढीन, या सर्व इच्छा आहेत. त्या पुऱ्या झाल्या की नाही हे ठरवणार कोण आणि कधी? बॅरिस्टर होणे ही गोष्ट मात्र स्पष्ट आहे. एक दिवस असा येतो की त्या दिवशी तुम्ही बॅरिस्टर झालेले असता किंवा नसता. ध्येयाचे पहिले लक्षण हे की ते गाठले किंवा नाही हे स्वतःला आणि दुसऱ्यालाही सांगता आले पाहिजे.

दुसरे लक्षण पायऱ्यांचे. सोळा वर्षांचा मुलगा बोटीतून उतरून थेट न्यायालयात जात नाही. बद्रुद्दीन प्रथम तेथील एका कॉलेजात दाखल झाले. तेथील शिक्षणानंतर त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली आणि १८६३ मध्ये मिडल टेंपल या संस्थेत कायद्याच्या शिक्षणासाठी नाव घातले. बॅरिस्टर होण्याची रीतही मोठी शिस्तीची होती. वर्षाची चार सत्रे, प्रत्येक सत्रात संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा हजर राहून जेवण घ्यायचे, आणि अशी सत्रे भरल्यावाचून सनद नाही. आज हे ऐकून हसू येते. पण त्यात एक अर्थ आहे. बुद्धी कितीही तल्लख असली तरी हजेरीला पर्याय नाही. रोज शाळेत येणारा मध्यम बुद्धीचा मुलगा आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा हुशार मुलगा यांच्यात वर्षाअखेर कोण पुढे जातो हे शिक्षकांना विचारावे.

अडथळा

यानंतर जे घडले त्यासाठीच मुख्यतः मी हे चरित्र निवडले आहे. वाचन हेच ज्याचे सर्व भांडवल, अशा या विद्यार्थ्याचे डोळे बिघडले. दृष्टी मंद होऊ लागली. कायद्याचा अभ्यास म्हणजे जाडजूड ग्रंथ, बारीक छपाई आणि दिव्याच्या उजेडात घालवलेल्या रात्री. शिक्षण अर्धवट टाकून १८६४ च्या अखेरीस बद्रुद्दीन यांना मुंबईस परत यावे लागले. वय वर्षे वीस.

त्या वेळची मुंबई कशी होती हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले होते आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघत होत्या, शेअरचे भाव चढत होते, आणि काल कारकून असलेला माणूस आज घोडागाडीतून फिरत होता. अशा शहरात, व्यापारी घराण्यात, डोळे अधू झालेला वीस वर्षांचा तरुण परत आला होता. कायद्याचा नाद सोडून पेढीवर बसण्यासाठी यापेक्षा सबळ कारण ते काय हवे? कोणी नावही ठेवले नसते. पुढे १८६५ च्या मध्यावर युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि तो फुगा फुटला. अनेक धनिक धुळीस मिळाले.

बद्रुद्दीन सुमारे वर्षभर घरी राहिले. याच काळात राहत-उन-नफ्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रकृती सावरली तसे १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, मिडल टेंपलमधील राहिलेला अभ्यास हाती घेतला आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले.

चरित्रातील ही एवढीशी हकीकत वाचताना आपण चटकन पुढे जातो. पण सारे शिक्षण तिच्यात आहे. अडथळा आला तेव्हा त्यांनी मुक्कामाचे ठिकाण बदलले नाही, तेथे पोहोचण्याची तारीख बदलली. आपल्याकडे नेमके उलटे होते. मुलगा दहावीला एका विषयात राहतो. ऑक्टोबर असो वा जुलै, पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय असते, पण घरात निर्णय होतो की याच्या नशिबात शिक्षण नाही, याला मामाच्या गॅरेजवर पाठवा. गॅरेजचे काम मुळीच कमी प्रतीचे नाही. जो मुलगा आवडीने, शिकून, ठरवून गॅरेजमध्ये जातो तो उद्या स्वतःचे गॅरेज काढतो. पण एका विषयाच्या अपयशामुळे, दुसरे काही सुचत नाही म्हणून ज्याला तेथे ढकलले जाते, त्याचे मन तेथेही लागत नाही. मुलगी आजारी पडते, तिचे सहा महिने बुडतात आणि पुढच्या जूनमध्ये तिचे नाव पटावर दिसत नाही. त्या घरी आम्ही शिक्षक जातो तेव्हा ऐकायला मिळते, आता वय झाले, कशाला. तय्यबजींच्या घरीही हाच प्रश्न उभा राहू शकला असता. एक वर्ष वाया गेले असे त्या घराने मानले नाही. विश्रांतीला एक वर्ष लागले एवढेच मानले.

पहिला मुक्काम

१८६७ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईस परतले आणि उच्च न्यायालयात वकिली करू लागले. मुंबईत तोवर एकही भारतीय बॅरिस्टर नव्हता. इंग्रज न्यायाधीश, समोर इंग्रज बॅरिस्टर, त्यांच्यात हा तेवीस वर्षांचा तरुण. बॅरिस्टरकडे पक्षकार थेट येत नसत, सॉलिसिटरमार्फत काम येई. थोरले बंधू सॉलिसिटर असल्याचा उपयोग झाला असेल, परंतु न्यायासनासमोर उभे राहिल्यावर भाऊ कामाला येत नाही. तेथे फक्त तयारी कामाला येते. थोड्याच वर्षांत मुंबईच्या नामांकित बॅरिस्टरांत त्यांची गणना होऊ लागली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विलायतेहून परतलेल्या या तरुणाला समाजकारणाची ओढ नव्हती असे नाही. तरीही पहिली काही वर्षे त्यांनी व्यवसायात पाय रोवण्यात घालवली. १८७१ च्या सुमारास मुंबईत नगरपालिकेच्या सुधारणेची चळवळ झाली तेव्हा ते सार्वजनिक व्यासपीठावर दिसू लागले. १८७३ मध्ये ते मुंबई नगरपालिकेचे सभासद झाले. आधी एक, मग दुसरे, हा त्यांचा क्रम होता. आपल्या मुलांपैकी एखादा एकाच वर्षी क्रिकेटच्या संघात, नाटकात, शिकवणीत आणि मित्राच्या दुकानात असतो. चारही ठिकाणी त्याचे अर्धे मन असते. अनेक गोष्टी आवडणे हा गुण आहे. पण आधी कोणती व नंतर कोणती, हे ठरवणे ध्येयाचाच एक भाग आहे.

ध्येय मोठे होते

येथवर जे ध्येय होते ते स्वतःपुरते होते. बॅरिस्टर होऊन पैसा आणि मान मिळवला, येथे गोष्ट संपली असती तर आज त्यांच्यावर लिहिण्याचे कारण उरले नसते. १८७४ मध्ये बद्रुद्दीन, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुस्लिम समाजातील नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मुहम्मद यांच्या पुढाकाराने मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. कमरुद्दीन अध्यक्ष झाले. बद्रुद्दीन यांनी सचिव म्हणून काम अंगावर घेतले.

मुंबईच्या मुसलमानांत तेव्हा एकोपा घडवणे सोपे नव्हते. बोहरा, खोजा, मेमन गुजराती व कच्छी बोलणारे, कोकणी मुसलमान मराठी-कोकणी बोलणारे, शिवाय उर्दू बोलणारे वेगळे. जमाती वेगळ्या, रीती वेगळ्या, मशिदीही वेगळ्या. या सर्वांना एका गोष्टीवर एकत्र आणता येईल असे तय्यबजींना वाटले, ती म्हणजे मुलांचे शिक्षण. येथेही त्यांनी पायऱ्या सोडल्या नाहीत. समाज सुधारणे ही इच्छा झाली. एक शाळा काढणे हे ध्येय झाले. स्थापनेनंतर सहा वर्षांनी, १८८० मध्ये, शाळा सुरू झाली, ती तीन शिक्षक आणि सुमारे १२० विद्यार्थ्यांनिशी. विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टराने एवढ्या लहान आरंभाची लाज वाटू दिली नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८९० मध्ये शाळेच्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये इमारत उघडली गेली. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून समोर पाहिले की ती घुमटांची सुंदर इमारत आजही दिसते. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. त्या इमारतीपर्यंत पोहोचायला संस्थेला एकोणीस वर्षे लागली, हे शिक्षकांनी तेथे उभे राहून मुलांना सांगावे. १८९० पासून अखेरपर्यंत तय्यबजी अंजुमनचे अध्यक्ष होते. आज या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालयांतून मुलेमुली मोठ्या संख्येने शिकत आहेत.

जे ध्येय हाती आले नाही

थोरांची चरित्रे सांगताना आपण फक्त यशाचीच यादी वाचतो आणि मुलांना वाटते की थोर माणसे हरतच नसतात. तय्यबजींनाही सर्व काही साधले नाही. १८८२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले, पण प्रकृतीच्या कारणाने १८८६ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. त्याआधी १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासमवेत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली होती. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, अशी ही त्रयी त्या काळच्या मुंबईचे भूषण मानली जाई. १८८७ च्या डिसेंबरात मद्रास येथे काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद तय्यबजींना मिळाले.

सर्व मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या बरोबरीने काँग्रेसमध्ये यावे ही त्यांची मनापासून इच्छा होती. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचे मत नेमके विरुद्ध होते. दोघेही समाजाचे हितचिंतक, दोघेही शिक्षणाचे कैवारी, दोघांनाही एकमेकांविषयी आदर, आणि तरीही या प्रश्नावर मतभेद. १८८८ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींनी आपली बाजू सौम्य शब्दांत पण ठामपणे मांडली. एखाद्या विषयाला मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तर तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, असा तोडगा त्यांनी सुचवला आणि त्याच वर्षीच्या अलाहाबाद अधिवेशनात तो स्वीकारलाही गेला. तरी उत्तरेकडील मुस्लिम पुढाऱ्यांचा मोठा भाग काँग्रेसपासून दूरच राहिला. हे ध्येय त्यांच्या हयातीत साध्य झाले नाही.

यातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? बॅरिस्टर होणे हे बऱ्याच अंशी बद्रुद्दीन यांच्या हातात होते. लाखो माणसांचे मन वळवणे एकट्याच्या हातात नव्हते. ध्येय ठरवताना आपल्या हातात किती आहे आणि दुसऱ्याच्या हातात किती आहे, याचा हिशेब करावा. वर्गात पहिला येईन असे ठरवले तर ते शेजारच्या मुलाच्या अभ्यासावरही अवलंबून असते. सहामाहीपूर्वी बीजगणिताची पहिली चार प्रकरणे कोणाच्या मदतीशिवाय सोडवीन, असे ठरवले तर ते सर्वस्वी तुमच्या हातात आहे. दुसऱ्या प्रकारची ध्येये पुरी करीत गेले की पहिल्या प्रकारची कधी कधी आपोआप पदरात पडतात, आणि नाही पडली तरी शिकलेले बीजगणित कोठे जात नाही.

न्यायासनावर

१८९५ मध्ये तय्यबजींची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. विलायतेला निघालेल्या मुलाच्या ध्येयापेक्षा ही पायरी वरची होती. पदे मिळवणाऱ्याची खरी परीक्षा पद मिळाल्यानंतर होते. तय्यबजींची ती परीक्षा दोनच वर्षांत झाली.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोकक्षोभ झाला, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना केसरीतील लेखनावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सरकार संतापलेले होते. आधी जामीन नाकारला गेला होता. पुढे अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला तेव्हा त्यांनी टिळकांना जामिनावर मुक्त केले. टिळकांचे आणि त्यांचे राजकीय मार्ग वेगळे होते. सरकारची मर्जी सांभाळण्याचा सोपा रस्ता समोर होता. त्यांनी कायद्याप्रमाणे जे योग्य वाटले ते केले. पुढे खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालून टिळकांना शिक्षा झाली, पण तो जामीन महाराष्ट्र विसरला नाही. १९०२ मध्ये काही काळ त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदाचे कामही पाहिले. हे काम पाहणारे ते पहिले भारतीय होत.

मुलाचे ध्येय काय, हे आपण विचारतो. ते कशासाठी, हे सहसा विचारत नाही. वकील व्हायचे, पण कशासाठी? पोलीस अधिकारी व्हायचे, पण तेथे बसून काय करायचे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही त्याला खुर्ची मिळते आणि खुर्चीबरोबर भीतीही मिळते.

मुलींचे शिक्षण

जे जगाला सांगायचे ते घरात आधी करायचे, हा तय्यबजींचा बाणा होता. आपल्या मुलींना त्यांनी शिकवले. १९०४ मध्ये दोन मुलींना त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडमधील हॅसलमिअर येथील निवासी शाळेत पाठवले. त्याआधी १९०३ मध्ये मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन भरले होते. त्याच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला आणि समाजात रूढ असलेल्या पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध मत मांडले. ते सर्वांना रुचले नाही. मात्र घरच्या मुलींना घरी बसवून बाहेर भाषण करणारे पुढारी ते नव्हते, हे विरोधकही नाकारू शकत नव्हते.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे अकस्मात निधन झाले. वयाच्या सोळाव्या वर्षी ज्या देशात ते विद्यार्थी म्हणून गेले होते तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली.

एक शंका

हे चरित्र वर्गात सांगितले की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो योग्य आहे. त्यांचे वडील श्रीमंत होते, आमच्या अब्बांची हातगाडी आहे, मग आम्ही काय करावे? श्रीमंतीमुळे बोटीचे तिकीट मिळाले हे खरे. मिडल टेंपलची फी भरली गेली हेही खरे. डोळे दुखत असताना परत जाऊन पुस्तक उघडण्याची हिंमत मात्र पैशाने येत नाही. त्या काळी मुंबईत धनिकांची मुले काही थोडी नव्हती. त्यांतील किती जणांनी हे केले? दुसरे असे की, ज्या मुलांना बोटीचे तिकीट मिळणार नव्हते त्यांच्यासाठीच तय्यबजींनी शाळा काढली. त्यांनी स्वतः वापरलेली शिडी इतरांसाठी भिंतीला लावून ठेवली. आज फी-माफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, अशा कितीतरी सोयी आहेत. अनेकदा त्यांचे अर्जच वेळेवर भरले जात नाहीत. अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवणे हीसुद्धा ध्येयाची एक पायरीच आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

तय्यबजींच्या आयुष्यातून ध्येय ठरवण्याची जी रीत दिसते ती मी विद्यार्थ्यांना चार प्रश्नांत सांगतो. कोरी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर ही चार उत्तरे लिहावीत.

पहिला प्रश्न, मला नेमके काय साधायचे आहे? उत्तर एका वाक्यात असावे आणि ते साधले की नाही हे दुसऱ्यालाही कळावे. दुसरा, केव्हापर्यंत? महिना आणि तारीख लिहावी. तिसरा, त्यासाठी या आठवड्यात मी काय करणार? पाच वर्षांनंतरचे ध्येय आणि आजचा अर्धा तास यांना जोडणारा हा प्रश्न आहे. याचे उत्तर सापडत नसेल तर ध्येय अजून धुक्यात आहे असे समजावे. चौथा, कोणता अडथळा येऊ शकेल आणि तो आला तर काय करीन? घरात जागा नाही, दिवे जातात, धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, दुकानात बसावे लागते. हे अडथळे लाजेचे नाहीत. ते आधी लिहून ठेवले की मार्गही सुचतो. पहाटे फजरनंतरचा तास, शाळेतील वाचनकक्ष, शेजारच्या मित्राचा ओटा, काही ना काही निघते. महिन्याच्या शेवटी पान पुन्हा उघडावे. जे झाले त्यापुढे खूण करावी. जे राहिले त्याची तारीख बदलावी. ते खोडून मात्र टाकू नये.

पालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलाच्या वहीत तुमचे ध्येय लिहू नका. ते सुचवा, त्याची चर्चा करा, त्या वाटेवरचा माणूस दाखवा, पण लेखणी मुलाच्या हातात असू द्या. परक्याचे ध्येय घेऊन चालणारा मुलगा पहिल्या चढावर बसतो. आणि अडथळा आला की निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. निकालाच्या संध्याकाळी रागाच्या भरात घेतलेल्या एका निर्णयाने मुलाची पुढची चाळीस वर्षे ठरून जातात. थोडे थांबा, वर्गशिक्षकांना भेटा, आणि मगच ठरवा. हे मुलाच्या बाबतीत जितके खरे तितकेच मुलीच्या बाबतीतही खरे आहे. मुलीचा अडथळा पुष्कळदा तिच्या डोळ्यांत किंवा बुद्धीत नसतो, तो आपल्याच घरातल्या बोलण्यात असतो, आणि म्हणून तो दूर करणेही आपल्याच हातात असते.

वीस वर्षांचा एक तरुण अधू डोळे घेऊन १८६४ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरला होता. त्या दिवशी त्याच्या घरच्यांनी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली असती तर मुंबईला तिचा पहिला भारतीय बॅरिस्टर कोणा दुसऱ्यात शोधावा लागला असता, आणि कितीतरी मुलांची शाळा उघडायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. आपल्या घरातही एखादे दप्तर असेच खुंटीवर टांगलेले असेल. ते खाली उतरवावे, त्यावरची धूळ झटकावी आणि मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून पहिला प्रश्न विचारावा : तुला नेमके काय साधायचे आहे?